काचा वर करून

मी गाडी बोलतेय. चार चाकं, पाच माणसांची जागा, रंग राखाडी, तोही धुतल्यावर. आजवर मी नुसतं ऐकलं. घरातली माणसं माझ्यात बसून काय काय बोलली ते सगळं पोटात ठेवलं, या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. पण आता एका मुलीला एक गोष्ट सांगायची राहून गेलीय. ज्यानं सांगायला हवी होती त्यानं सांगितली नाही, म्हणून माझ्यावर बोलायची पाळी आलीय.

माझा जन्म कारखान्यातला. एकीला दारं बसवताहेत, दुसरीला चाकं, तिसरी रंग वाळायची वाट बघतेय, असा सगळा मामला. लाड नाहीत, कौतुक नाही. नंबर दिला आणि रांगेत उभं केलं. तिथून मी शोरूममध्ये आले. एका सकाळी तिथे औषधांच्या दुकानाचा मालक, त्याची नवी नवरी आणि त्याची आई असे तिघं मला बघायला आले.

खरं म्हणजे मला बघायला नाही. नवरीला शेजारची लाल गाडी आवडली होती. तिच्या बॉनेटवरून ती हात फिरवत होती. सासूबाई म्हणाल्या, "लाल फार भडक दिसते." लगेच मुलगा म्हणाला, "राखाडी पण छान आहे, नाही गं?" आणि नवरी म्हणाली, "छान आहे." अशी मी या घरात दुसऱ्या पसंतीची म्हणून आले. तेव्हाच मला या माणसाची ओळख पटायला हवी होती. पण नव्या संसाराच्या भरात कोण कुणाची पारख करतं?

त्याला गल्लीत सगळे औषधवाला म्हणायचे. मीही तेच म्हणते. मालक म्हणायची इच्छा आता उरलेली नाही. तिला मात्र मी मालकीणच म्हणेन. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायची. सकाळी गडबडीनं निघायची, संध्याकाळी अंगाला स्पिरिटचा वास घेऊन यायची. खाली दुकान, वर तीन खोल्यांचं घर, आणि दुकानासमोर रस्त्याच्या कडेला मी.

घराच्या भिंती पातळ होत्या. लग्नानंतर पहिल्यांदा दोघांचं वाजलं, तेव्हा पलीकडच्या खोलीत सासूबाईंनी सगळं ऐकलं. त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी औषधवाल्यानं बायकोला खाली माझ्यात आणून बसवलं, काचा वर केल्या आणि म्हणाला, "हे बघ, काय भांडायचं ते इथे भांडू. वर आईसमोर नको. तिला त्रास होतो."

मालकिणीला हे पटलं. आवडलंसुद्धा. माहेरी तिनं वडिलांना सगळ्यांदेखत आईवर ओरडताना बघितलं होतं. त्यापेक्षा हे कितीतरी सभ्य, असं तिला वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू?

तेव्हापासून तो त्यांचा रिवाजच झाला. काही खटकलं की तो वर सांगायचा, "जरा पेट्रोल भरून येतो," आणि ही म्हणायची, "मी पण येते, पाय मोकळे होतील." मग आम्ही गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभे राहायचो. शेजारी म्हणायचे, ही गाडी फार पेट्रोल पिते. नाव एकाचं आणि करणी दुसऱ्याची, तशातली गत.

वर ती त्याला "अहो" म्हणायची, "तुम्ही" म्हणायची. माझं दार लागलं की "अरे" आणि "तू". वर ती सून असायची, माझ्यात फक्त बायको. त्याचंही तसंच. वर आईच्या शब्दापुढे मान खाली घालणारा हा माणूस माझ्यात बसला की कबूल करायचा, "आईचं चुकलंच," "मी बोलायला हवं होतं," "मला भीती वाटते गं तिला दुखवायची." नवरा-बायकोनं भांडावं तर असं शेजारीशेजारी बसून, समोर बघत भांडावं, असं माझं मत आहे. नजरेला नजर नसली की खरं बोलणं सोपं जातं. वर तो कसाही असो, काचा वर केल्या की हा माणूस खरा असतो, अशी माझी पक्की समजूत झाली होती.

पुढे पोरं झाली. आधी मुलगा. त्याला सगळे दादाच म्हणत, अगदी तो सहा महिन्यांचा असल्यापासून. मग मुलगी. ती एका जागी कधी बसली नाही, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. माझ्या मागच्या सीटवर तिनं खाल्लं, सांडलं, ओकलं, गाणी म्हटली. खिडकीच्या काचेवर श्वास सोडून बोटानं चित्रं काढायची. सगळ्या चित्रांत चार माणसं आणि एक गाडी. लोक म्हणतात, पोरं म्हणजे घराचं गोकुळ. मी म्हणते, पोरं म्हणजे सीटच्या फटीत कायमची अडकलेली बिस्किटं. पण ती फट साफ झाली की मलाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

औषधवाल्याला एक मोठी बहीण. पोरांची आत्या. दोन-तीन तासांवरच्या गावात तिचं घर. मोठं घर, मागे बाग, नवरा शांत, आणि मूलबाळ नाही. सगळे उपचार करून झाले होते. ती आली की भिंगरीचे केस विंचरत बसायची. विंचरून झाले की सोडायची आणि परत विंचरायची. मला ती बाई वाईट वाटली नाही कधी. आजही वाटत नाही.

एके दिवशी दुपारच्या जेवणावर आजींनी, म्हणजे सासूबाईंनी, विषय काढला. हे मला संध्याकाळी टाकीमागे कळलं, मी पुरती थांबायच्या आधीच मालकीण बोलायला लागली होती.

"ऐकलंस ना, आई काय म्हणाल्या? 'तुम्हाला दोन आहेत, एक लेकरू तिच्या पदरात टाकलं तर काय बिघडलं?' माझी मुलगी म्हणजे तुझ्या दुकानातली बाटली आहे का रे, फळीवरून काढून द्यायला?"

"अगं, म्हाताऱ्या माणसाचं बोलणं. ताईची दशा बघवत नाही तिला, म्हणून म्हणाली."

"मला ताईंबद्दल वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण म्हणून मी माझं मूल देणार नाही. कुणालाच नाही. कधीच नाही. कळलं तुला?"

"मी तरी कुठे देतोय? तू इतकी चिडू नकोस. मी आहे ना. आपली भिंगरी कुठेही जाणार नाही."

"मग हे वर जाऊन सांग."

"सांगतो. जरा वेळ बघून सांगतो."

ती वेळ काही त्याला सापडली नाही. आजी पुन्हा विषय काढायच्या, मालकीण ताटं वाढत मूग गिळून बसायची, आणि संध्याकाळी टाकीमागे येऊन नाही म्हणायची. कधी रडत म्हणायची, कधी ओरडून. एकदा तिनं डॅशबोर्डवर हात आपटला, तेव्हा तिची बांगडी फुटून तुकडा माझ्या पायपुसण्याखाली गेला. तो दर वेळी मान हलवायचा. "बरोबर आहे तुझं. सांगतो मी आईला." तिला वाटायचं, आपण नाही म्हटलंय. नवऱ्यानं ऐकलंय. म्हणजे घरानं ऐकलं. इथेच तिचं चुकलं. तिचं सगळं 'नाही' काचांच्या आत राहिलं, आणि वरच्या मजल्यावर पोचलं ते फक्त तिचं गप्प बसणं.

मग तिच्या आईचं ऑपरेशन निघालं आणि ती माहेरी गेली. मुलांची परीक्षा नुकतीच संपली होती, पण दादाला खोकला झालेला, म्हणून पोरांना इथेच ठेवलं. मी तिला स्टेशनवर सोडलं. भिंगरीनं तिला खिडकीतून सांगितलं, "तिकडच्या आजीला माझा पापा दे." ती हसत गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी औषधवाल्यानं माझ्या डिकीत एक बॅग ठेवली. मग दुसरी. मग भिंगरीचं दप्तर. सुट्टीत दप्तर कशाला, हा प्रश्न मला पडला. पण गाडीला कोण विचारतं? पुढे आजी बसल्या, मागे भिंगरी. निम्मा रस्ता तिनं गाणी म्हटली. मग तिनं विचारलं, "मी आत्याकडे किती दिवस राहणार?"

आजी मागे वळल्या. "आता आत्याकडेच राहायचं, राणी. तिथे मोठी शाळा आहे. तुला तुझी स्वतःची खोली."

"आणि आई?"

"आई येत जाईल ना भेटायला. आईला विचारूनच ठरवलंय सगळं. ती हो म्हणाली."

आजी खोटं बोलत नव्हत्या. त्यांना मुलानं तसंच सांगितलं होतं, वर, माझ्या कानाआड. "तिची काही हरकत नाही," असं म्हणाला असणार. हो म्हणणाऱ्या बायकोचा नवरा होणं त्याला सोपं वाटलं असेल.

भिंगरीनं मधल्या आरशात बघितलं. बाबाच्या तोंडाकडे. तो एका शब्दानं मोकळा झाला असता. त्यानं गिअर बदलला आणि रेडिओ लावला. उरलेला रस्ता भिंगरीनं गाणी म्हटली नाहीत. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते असंच. तरी मी स्वतःची समजूत घातली. निदान खोटं तर नाही बोलला, नुसता गप्प बसला.

मालकीण परत आली तेव्हा तिला आणायला मीच गेले होते. "भिंगरी का नाही आली स्टेशनवर?"

"आत्याकडे आहे."

"सुट्टीपुरती ना? बरं झालं, ताईंनाही सोबत."

त्यानं हॉर्न वाजवला. समोर कुणी नव्हतं.

शाळा सुरू व्हायची वेळ आली तेव्हा ती भिंगरीचं दप्तर शोधायला लागली. दादा म्हणाला, "ते तर आजीनं तिच्याबरोबरच दिलं. ती आता तिथल्या शाळेत जाणार आहे ना?" हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी एवढंच बघितलं की मालकीण घरातल्या चपलांवरच जिना उतरून आली, माझं दार उघडलं आणि चाकांखाली धूळ उडवत निघाली. मला तिनं कधी इतकं पळवलं नव्हतं आणि मीही कधी इतकी मुकाट्यानं पळाले नव्हते.

आत्या फाटकात आली. हात ओले होते, भिंगरीचे गणवेश धूत होती. "वहिनी, कळवलं असतंस तर..."

"भिंगरीला घेऊन जायला आलेय, ताई."

आत्याचा चेहरा बघून मला तिचीही कीव आली. "पण तूच हो म्हणालीस ना? तो म्हणाला, वहिनीची पूर्ण संमती आहे. नाहीतर मी... मी काय इतकी वाईट आहे का गं?"

"मला कुणी विचारलंच नाही, ताई."

आत्या फाटक धरून उभी राहिली. मग आत गेली आणि ओले गणवेश तसेच पिळून पिशवीत घालून घेऊन आली. तिनं भिंगरीचे केस एकदा सारखे केले आणि माझ्याकडे पाठ फिरवून घरात गेली. त्या माणसानं एका दमात किती जणींचा केसानं गळा कापला होता, ते मला तिथे कळलं.

भिंगरी मागे बसली. पुढची सीट रिकामी असली की ती भांडून पुढे बसायची. त्या दिवशी मागे बसली.

"शेंगदाणे घेऊ का गं? तुला भूक लागली असेल," मालकिणीनं विचारलं.

"नको."

बराच रस्ता गेला. मग मागून आवाज आला. "तू मला देऊन टाकलं होतंस ना? मग आता का घेऊन चाललीस?"

मालकिणीनं मला कडेला घेतलं. "मी नाही गं दिलं तुला. मला माहीतच नव्हतं, बाळा."

"आजी म्हणाली, तू हो म्हणालीस."

"आजीला चुकीचं कळलं."

"बाबा पण होता. आजी खोटं सांगतेय, असं तो म्हणाला नाही."

मालकीण मागे वळून हात पुढे करत होती आणि पोर सीटच्या कोपऱ्यात सरकत होती. मी त्या दोघींच्या मधे, सगळं ठाऊक असून मुकी. गाडीला हॉर्न देतात, दिवे देतात, जीभ मात्र देत नाहीत.

दुकानासमोर पोचलो तेव्हा आजी पायरीवरच उभ्या होत्या. "अगं, हा काय तमाशा? तू हो म्हणालीस म्हणून तर सोडून आलो. मी काय पोर पळवली?"

"मी कधी हो म्हणाले, आई?"

"मग नाही कधी म्हणालीस? माझ्यासमोर एकदा तरी? मी विषय काढायचे, तू ताटं वाढत राहायचीस. या घरात कुणी ऐकलंय तुझं नाही?"

म्हाताऱ्या बाईचं बोलणं खरं होतं. मग मालकीण दुकानात गेली, गिऱ्हाईकासमोर औषधवाल्याचा हात धरला आणि त्याला आणून माझ्यात बसवलं. स्वतः स्टिअरिंगपाशी, तो शेजारी, भिंगरी अजून मागेच. दारं लागली. काचा वर गेल्या.

"आता सांग हिला," ती म्हणाली. "वर नाही सांगितलंस ते राहू दे. आईंना पुढेमागे सांगशील, नाही सांगणार, माझं काही म्हणणं नाही. पण हिला सांग. मी इथे बसून तुला काय काय म्हणाले होते?"

बाहेर आजी उभ्या होत्या, पण त्यांना काही ऐकू येणार नव्हतं. इथे घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी मनातून निर्धास्त होते. हा इथे खरं बोलतो. इतकी वर्षं बोलत आलाय.

औषधवाल्यानं मागे बघितलं. भिंगरी त्याच्याकडे बघत होती, तोंड इतकंसं झालेलं. खरं सांगितलं असतं, तर तिला देऊन टाकणारा तो एकटाच उरला असता. ते त्याला झेपलं नाही.

"हे बघ, बेटा," तो अगदी प्रेमानं म्हणाला. "आम्ही दोघांनीच ठरवलं होतं. तुझ्या भल्यासाठी. आई पण तयार होती. मग तिला तुझी फार आठवण यायला लागली, म्हणून तिचं मन बदललं. एवढंच."

भिंगरीनं मान हलवली. तिला ते पटलं. बाबा प्रेमानं सांगत होता आणि सगळं जुळत होतं.

मालकीण ओरडेल, डॅशबोर्डवर हात आपटेल, असं मला वाटलं. तिनं तसं काही केलं नाही. समोर बघत म्हणाली, "अहो, उतरा."

माझ्यात बसून तिनं त्याला कधी अहो म्हटलं नव्हतं. तो उतरला. माझ्याही मनातून उतरला. तुमच्या घरात कुणी खोटं बोललं तर तुम्ही दुसऱ्या खोलीत जाता. मला दुसरी खोली नव्हती.

महिना सरायच्या आत मालकिणीनं लॅबजवळ जागा घेतली. टेम्पोत सामान चढलं, दादा चढला. मालकिणीनं भिंगरीला चढवायला हात पुढे केला. भिंगरीनं दादाचा हात धरला. टेम्पो वळेपर्यंत मी बघत होते.

त्यानंतर औषधवाला दुपारी दुकान बंद करून माझ्यात येऊन बसायचा. काचा वर करायचा. "ती नाही म्हणाली होती," असं स्टिअरिंगला सांगायचा. "दर वेळी नाही म्हणाली होती." मला त्याची दया आली नाही. ज्या कानांत हे जायला हवं होतं ते आठ रस्ते पलीकडे राहत होते, आणि तिथवर जायला त्याच्याकडे पाय होते, आणि मी होते. तो गेला नाही. शेवटी त्याला माझ्यात बसवेना, म्हणून त्यानं मला विकलं.

आता मी शिकाऊ लोकांची गाडी आहे. टपावर पाटी, आत दोन-दोन ब्रेक. रोज नवा माणूस क्लचवर पाय आपटतो, आणि गाडी बंद पडली की "गाडीतच दोष आहे," म्हणतो. मला सवय झालीय. माणसं स्वतःचं चुकलेलं शेजारच्याच्या माथी मारतात, हे मी फार जवळून बघितलंय. शिकवणारे सर बरे आहेत. पाऊस असला की काचा वर करतात, एरवी खालीच ठेवतात. मला तेच बरं वाटतं.

भिंगरे, तू आता मोठी झाली असशील. तुझे वडील तुला भेटत असतील, गोड बोलत असतील, आणि आईवर चिडलीस की 'हिनं मला देऊन टाकलं होतं' हे तुला मधूनच आठवत असेल. तू आईला बोलूनही दाखवत असशील. ती काही म्हणत नसेल, कारण तिच्याकडे साक्षीदार नाही.

साक्षीदार मी आहे. ती नाही म्हणाली होती, पोरी. पहिल्या दिवशी म्हणाली, नंतरही म्हणत राहिली, तुझ्या बापाशेजारी बसून, आणि तो मान हलवत होता. तुला तिनं कुणाला दिलं नव्हतं. माझं बोलणं तुझ्यापर्यंत पोचलं, तर आज घरी गेल्यावर तिच्या शेजारी जाऊन बस.